सैनिकाच्या वहीतील बोली : जुन्या लष्करी शब्दांच्या उकलीचा विचार

प्रस्तावना :

सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी या भागांतील कित्येक घरांत जुन्या पत्र्याच्या पेटीच्या तळाशी पलटणीतून परतलेल्या आजोबा-पणजोबांची एखादी वही असते. डिस्चार्जचा कागद, दोन-तीन पदके आणि एक छायाचित्र यांच्यासोबत ती जपलेली असते. पदके कोणालाही दाखविता येतात. वही मात्र कोणी वाचत नाही, कारण ती वाचली तरी समजत नाही. लिपी ओळखीची, भाषा मराठी, आणि तरीही वाक्याचा अर्थ हाती लागत नाही, असा अनुभव येतो. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाला 'मिलिटरी' हे बिरुद चिकटावे इतकी सैनिकी परंपरा ज्या प्रदेशात आहे, तेथे सैनिकाच्या स्वतःच्या शब्दांकडे अभ्यासकांचे झालेले दुर्लक्ष खटकणारे आहे.

या वह्यांचे मोल केवळ कौटुंबिक नाही. पहिल्या महायुद्धात युरोपात असलेल्या हिंदी सैनिकांची पत्रे तपासण्यासाठी ब्रिटिशांनी स्वतंत्र सेन्सॉर यंत्रणा उभी केली होती. तिच्या अहवालांतील उतारे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत असून डेव्हिड ओमिसी यांनी त्यांची निवड १९९९ मध्ये प्रसिद्ध केली. परंतु हे उतारे इंग्रजी भाषांतराच्या रूपात आहेत. मूळ पत्रे बहुतांशी हाती राहिलेली नाहीत. शिवाय मराठा पलटणी त्या युद्धात प्रामुख्याने मेसोपोटेमियात होत्या, त्यामुळे या संग्रहात मराठी सैनिकाचा आवाज क्षीण आहे. सैनिकाने नेमका कोणता शब्द वापरला, हे ज्या ठिकाणी अजून पाहता येते असे स्थान म्हणजे घरातली वही होय. तिचा चुकीचा अर्थ लावला गेला, तर तपासून पाहायला दुसरे साधन बहुधा नसते.

प्रस्तुत लेखात अशा वह्यांतील शब्दांची उकल कशी करावी याचे विवेचन केले आहे. पुढे आलेली नमुन्याची वाक्ये कोणा एका वहीतून घेतलेली नाहीत; स्पष्टीकरणाच्या सोयीसाठी ती रचलेली आहेत.

बोलीचे घटक :

लष्करी बोली ही एकजिनसी भाषा नव्हे. तिच्या तळाशी फारसी-हिंदुस्थानी शब्दांचा जुना थर आहे. हवालदार, जमादार, सुभेदार, रिसालदार, तोफखाना, रसद, गस्त हे शब्द मराठेशाहीच्या कागदपत्रांतूनही भेटतात. म्हणून मराठी वाचकाला ते परिचयाचे वाटतात आणि येथेच पहिली गफलत होते. शिवकालातील हवालदार हा किल्ल्याच्या कारभाराचा प्रमुख, तर सुभेदार हा प्रांताचा अधिकारी. ब्रिटिश हिंदी फौजेत हवालदार हा सार्जंटच्या तोडीचा, आणि सुभेदार हा कंपनीतील ज्येष्ठ देशी अधिकारी. शब्द तोच राहिला, पण त्याच्या वाट्याचा मुलूख लहान झाला.

दुसरा थर इंग्रजी शब्दांचा. हे शब्द सैनिकाने छापलेले पाहिले नव्हते, कानाने ऐकले होते. त्यामुळे 'रिक्रूट'चा रंगरूट झाला, 'फॉल इन'चा फालिन झाला, 'ॲडज्युटंट'चा अजीटन झाला, 'स्टँड टू'चा स्टॅन्टू झाला. 'सॅपर्स अँड मायनर्स' या अभियांत्रिकी दलाचे सफरमैना हे रूप तर इतके रुळले, की सफर आणि मैना या दोन गोड शब्दांमागे सुरुंग लावणारे आणि पूल बांधणारे खडकीचे जवान आहेत, हे सांगूनही पटत नाही. पहारेकऱ्याने अंधारात द्यावयाची हाक इंग्रजीत 'हू कम्स देअर' अशी होती. तिचे 'हुकुमदार' झाले. हा शब्द वहीत आला तर तो एखाद्या अधिकाऱ्याचा हुद्दा वाटतो. 'रात्री हुकुमदार झाले, उत्तर नाही, गोळी चालली' या वाक्यात हुकूम देणारा कोणी नाही. पहाऱ्यावरून हाक गेली, तिला उत्तर आले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

तिसरा थर युद्धभूमीवर उचललेल्या शब्दांचा, आणि तो सर्वांत फसवा आहे. सरहद्दीवरून पश्तू, बसऱ्याहून अरबी, ब्रह्मदेशातून बर्मी असे शब्द पलटणीबरोबर प्रवास करीत. 'चाउंग' म्हणजे बर्मी ओढा, हे कळत नाही म्हणून वाचक निदान थांबतो तरी. जो शब्द मराठीच दिसतो, तेथे तो थांबत नाही.

मराठी दिसणारे परके शब्द :

संस्कृतात आणि त्यावरून मराठी काव्यभाषेत 'संगर' म्हणजे युद्ध. सैनिकाच्या वहीत 'संगरात दोन दिवस काढले' असे असेल, तर सुशिक्षित वाचक त्याचा अर्थ 'दोन दिवस लढाई चालली' असा करील आणि लेखकाच्या भाषेचे कौतुकही करील. वास्तविक सरहद्दीवर 'संगर' म्हणजे दगड रचून केलेला आडोसा. जेथे जमीन खडकाळ, खंदक खणणे अशक्य, तेथे छातीइतकी भिंत रचून तिच्याआड बसावयाचे. एरिट्रियातील केरनच्या डोंगरांवर १९४१ साली हिंदी सैनिकांनी अशाच संगरांचा आश्रय घेतला. तेव्हा वरील वाक्य लढाईचे वर्णन नसून दगडांच्या आड, वरून तोफमारा चालू असताना, न हलता बसून काढलेल्या दोन दिवसांचे आहे. दोन्ही अर्थांत युद्ध आहेच. परंतु पहिल्या अर्थात वीररस आहे आणि दुसऱ्यात तहान आहे.

'वाडी'चेही तसेच. उत्तर आफ्रिकेत 'वाडी' म्हणजे वाळवंटातील कोरडे नदीपात्र. कोकणातील सैनिकाला हा शब्द लिहिताना मुळीच अडखळावे लागले नसेल, कारण त्याच्या गावात चार वाड्या होत्याच. 'रात्री वाडीत उतरलो, माणूस नाही, पाणी नाही' हे वाक्य ओसाड पडलेल्या खेड्याचे चित्र उभे करते. ते तसे नाही.

मेसोपोटेमियातील नोंदींत 'महेला' भेटतो. तैग्रिस नदीवरील मोठ्या शिडाच्या मालवाहू होडीला हे नाव होते. मोडी लिपीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळला जात नाही, मात्रा घाईत सुटते, शब्द तोडून लिहिण्याची पद्धत नाही. अशा लेखनात महेला आणि महिला यांत अंतर किती उरणार? 'चार महिला दाणा घेऊन आल्या' असे लिप्यंतर करणाऱ्याने क्षणभर तरी विचार करावयास हवा की, डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळात कूतच्या वेढ्याकडे धान्य घेऊन जाणाऱ्या या स्त्रिया कोण? (१०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी त्या वेढ्यात अडकल्या होत्या.)

काही घोटाळे विनोदी आहेत. 'सेंट्री'चे हिंदुस्थानी रूप 'संत्री'. 'पुलावर दोन संत्री ठेवली' या वाक्यातील संत्री नागपूरची नव्हेत. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सैनिक जर्मनांना 'जेरी' म्हणत, आणि मराठी सैनिकाने तो शब्द सहज उचलला. 'सकाळी जेरी आला' यातील जेरीचा 'जेरीस येणे' या आपल्या वाक्प्रचाराशी संबंध नाही. पेट्रोल-पाण्याचा जेरीकॅन मात्र याच जेरीचा वंशज होय, कारण तो डबा मूळचा जर्मन सैन्याचा. 'ब्रेन' ही हलकी मशीनगन. 'ब्रेन गरम झाला' या तक्रारीचा डोक्याशी संबंध नाही. 'पायाला पट्टी बांधली' हे वाक्य वाचून घरच्यांनी जखमेची कल्पना केली असेल, तर तीही सोडावी लागेल. घोट्यापासून पोटरीपर्यंत गुंडाळावयाची कापडी पट्टी हा गणवेशाचाच भाग होता. याउलट 'रोज एक गोळी' ही बंदुकीची नसून हिवतापावरची असणे अधिक संभवनीय. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर मेपाक्रिनची पिवळी गोळी रोज घ्यावी लागे आणि तिने अंगही पिवळे पडे.

'मोर्चा' हा शब्द आज घोषणा देत जाणाऱ्या जमावाला लागतो. फौजेत मोर्चा म्हणजे शत्रूवर मारा करण्यासाठी बांधलेली सुरक्षित जागा. मराठीने हा जुना अर्थ 'मोर्चेबांधणी' या शब्दात अजून सांभाळून ठेवला आहे, पण तो शब्द वापरणाऱ्याच्या ते लक्षात नसते. 'जंगी' या विशेषणाचा तर मूळ अर्थ आपण जवळजवळ विसरलो. जंगी म्हणजे जंगाचा, युद्धाचा. म्हणून सरसेनापती तो 'जंगी लाट'. आणि म्हणूनच डिस्चार्जच्या कागदांत किंवा वहीत 'जंगी इनाम' असे आढळले, तर ते भले मोठे बक्षीस नव्हे. युद्धातील सेवेबद्दल मंजूर होणारी ती माफक रोख रक्कम होती. 'आजोबांना जंगी इनाम मिळाले होते, मग पैसा गेला कुठे?' असा भाऊबंदकीचा प्रश्न केवळ एका विशेषणातून निर्माण होऊ शकतो.

अब्रूशी निगडित शब्द :

विनोदी घोटाळ्यांपेक्षा अधिक काळजी घ्यावी लागते ती व्यक्तीच्या मानापमानाशी जोडलेल्या शब्दांची. शहरात वाढलेल्या नातवाने 'जमादार' हा शब्द सफाई कामगारासाठी ऐकलेला असतो. वहीतला जमादार मात्र व्हाइसरॉयच्या सहीने नेमणूक झालेला अधिकारी होय. १९६५ मध्ये या हुद्द्याचे नाव नायब सुभेदार असे झाले. 'परेड डिसमिस झाली' म्हणजे कवायत संपली. त्यात कोणाला बडतर्फ केलेले नाही. 'अर्दली रूम' ही नोकराची खोली नसून जेथे कमान अधिकाऱ्यापुढे शिस्तभंगाची प्रकरणे चालत ती कचेरी होय. तेथे 'पेशी झाली' म्हणजे आरोपी म्हणून उभे राहावे लागले, एवढे निश्चित. शिक्षा झालीच असे नव्हे.

'क्वार्टर गार्ड' हा शब्द दुहेरी आहे. पलटणीच्या मुख्य पहाऱ्याचे ते नाव, आणि शिक्षा झालेल्या जवानाला डांबून ठेवण्याची जागाही तीच. 'क्वार्टर गार्ड लागली' म्हणजे पहाऱ्याची पाळी आली. 'क्वार्टर गार्डात चार दिवस' म्हणजे काय? पहारा सामान्यतः एका दिवस-रात्रीत बदलतो. तेव्हा चार दिवसांचा अर्थ अटकेकडे झुकतो. येथे क्रियापद, विभक्ती आणि कालावधी हे तिन्ही पाहावे लागतात. शब्दकोशाचा उपयोग नाही. 'बोर्ड झाला' किंवा 'बोर्ड आऊट' यासंबंधी मात्र अनुमान करण्याची घाई बरी नव्हे. वैद्यकीय मंडळाने सेवेस अपात्र ठरविले, इतकेच त्यातून कळते. कारण जखम असेल, क्षय असेल, हिवताप असेल किंवा मनाचा आजारही असेल.

मनाच्या आजारावरून एक गोष्ट येथे नोंदविण्यासारखी आहे. नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत, मुदत संपलेले गोरे सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत महिनोन्महिने पडून राहत. त्या रिकामपणात अनेकांची मनःस्थिती बिघडे. त्यावरून इंग्रजीत 'डुलॅली' म्हणजे वेडसर असा शब्द रूढ झाला, आणि त्याला जोडून येणारा 'टॅप' हा आपला 'ताप'. मराठी सैनिकाच्या वहीत देवळाली हे केवळ छावणीचे नाव असते; इंग्रजाच्या वहीत ते निदान असते. शब्दांची ये-जा एकाच बाजूने झाली नाही, याचे हे मराठी मुलखातलेच उदाहरण. अशीच देवाणघेवाण 'गणपत' या नावात दिसते. गोरे सैनिक मराठा शिपायाला सरसकट 'गणपत' म्हणत. तेव्हा वहीत 'गणपत लोक पुढे गेले' असे आल्यास गणपत नावाचा सोबती शोधत बसू नये.

संख्या आणि कालनिर्णय :

वहीवर सन नसेल तरी तिचा काळ ठरविता येतो, आणि त्यासाठी सर्वांत विश्वासार्ह साधन म्हणजे पलटणीचा क्रमांक. १९२२ च्या पुनर्रचनेपूर्वी मराठा पलटणी १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ या क्रमांकांनी ओळखल्या जात. त्या वर्षी त्यांची मिळून पाचवी मराठा रेजिमेंट झाली आणि १०३ ही १/५, १०५ ही २/५, ११० ही ३/५ अशी बनली. ११४ ही प्रशिक्षण देणारी १०/५ झाली. याचा अर्थ, '११० मध्ये भरती' असे लिहिणारा माणूस १९२२ पूर्वी भरती झालेला आहे. आणि '३/५ मध्ये भरती' असे लिहिणारा तीन मे रोजी भरती झालेला नाही. हा गैरसमज सर्रास होतो. विशेषतः '१०/५ बेळगाव, नंतर ३/५' अशी ओळ असेल तर वाचक दहा मे नंतर तीन मे कसा, म्हणून आजोबांच्या स्मरणशक्तीवर शंका घेतो. प्रत्यक्षात ती ओळ अत्यंत नेटकी आहे : बेळगावला प्रशिक्षण झाले आणि मग तिसऱ्या बटालियनमध्ये रवानगी झाली.

क्रमांक कळला की स्थळे जुळविता येतात. ३/५ ही मार्च १९४१ मध्ये केरनला लढली आणि पुढे इटलीत गेली. नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ च्या पराक्रमाबद्दल मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, याच बटालियनमध्ये असताना. २/५ जून १९४२ मध्ये तबरुक येथे पाडाव झाली, म्हणून '२/५, तबरुक' या दोन शब्दांनंतर वहीत दीर्घ मौन असेल, तर ते आळसाचे नसून बंदिवासाचे असण्याची शक्यता आधी तपासावी. १/५ च्या वहीत सांग्रो आणि सेनियो या नद्या येणे स्वाभाविक आहे. शिपाई नामदेव जाधव यांना सेनियोकाठच्या ९ एप्रिल १९४५ च्या कामगिरीबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. अशा पडताळणीसाठी बटालियनच्या युद्धदैनंदिन्या उपयोगी पडतात. त्या लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात असून मध्यपूर्व, इटली आणि आग्नेय आशिया अशा आघाड्यांनुसार लावलेल्या आहेत.

वाचनाची पद्धती :

प्रथम वहीची नक्कल जशीच्या तशी करावी. शुद्धलेखन सुधारण्याचा मोह प्राध्यापकांना अधिक होतो, आणि नेमका तोच घातक ठरतो. 'फालिन' दुरुस्त करून 'फलाणी' केले की शब्द कायमचा हरवतो. सैनिकाचे शिक्षण फौजेतच झाले असेल तर काही नोंदी रोमन अक्षरांत असतात, कारण फौजेत रोमन लिपीतील हिंदुस्थानी शिकविली जाई. त्या लिपीत त आणि ट यांना एकच अक्षर आहे. त्यामुळे कंपनीचे शस्त्रागार म्हणजे 'कोत', ते 'कोट' असे वाचले जाऊन अंगात घालावयाचे वस्त्र होऊन बसते, आणि 'कोत बंद केला' या नोंदीत आजोबा गुंड्या लावताना दिसू लागतात.

नक्कल झाल्यावर संशयित शब्द सर्व ठिकाणांहून एकत्र काढावा. एका वाक्यावरून अर्थ लावू नये. 'लंगर गप' हा शब्द एकदा आला तर तो जेवणाच्या वेळच्या गप्पांसारखा वाटतो; परंतु 'लंगर गप की पलटण घरी जाणार', 'लंगर गप खोटी निघाली' अशी आणखी दोन वाक्ये शेजारी ठेवली की स्वयंपाकघरातून उठणारी अफवा हा त्याचा खरा अर्थ आपोआप स्पष्ट होतो. 'पिठ्ठू', 'बडा खाना', 'नफरी' यांचे अर्थ सैन्यातून अलीकडे निवृत्त झालेला गावातला कोणीही माजी सैनिक क्षणात सांगेल, कारण पाठीवरचा बोजा, पलटणीची मेजवानी आणि हजर माणसांची संख्या यांना आजही तेच शब्द आहेत. कोशांकडे त्यानंतर वळावे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची आवृत्ती फारसी थरासाठी, १८८६ चा 'हॉब्सन-जॉब्सन' मिश्र शब्दांसाठी आणि एरिक पार्ट्रिज यांचा १९४८ चा सैनिकी बोलीचा कोश इंग्रजी शब्दांसाठी पाहता येतो. मात्र पार्ट्रिजपुढे इंग्रज सैनिक होता, मराठी नव्हे, याचे भान ठेवावे.

काही वेळा शब्द सांकेतिकही असतो. पहिल्या महायुद्धातील पत्रांत सेन्सॉरला चकविण्यासाठी हिंदी सैनिकांना 'काळी मिरी' आणि गोऱ्यांना 'लाल मिरची' असे लिहिले जाई. पत्रांच्या नकला वहीत उतरविलेल्या असतील, तर मसाल्याच्या भावासारख्या दिसणाऱ्या ओळी वगळू नयेत.

'कामी आला' :

शेवटी ज्या एका शब्दप्रयोगासाठी हा सर्व खटाटोप करावा असे वाटते, तो अगदी साधा दिसतो. 'गाववाला केरनवर कामी आला.' आजच्या मराठीत कामी येणे म्हणजे उपयोगी पडणे. गावचा माणूस अडचणीत मदतीला आला, त्याचे उपकार आजोबांनी नोंदवून ठेवले, असा अर्थ घरातील तीन पिढ्यांनी लावलेला असू शकतो. बखरींची भाषा वाचलेल्याला मात्र येथे थबकावे लागते. बखरींत योद्धा 'कामास येतो' तेव्हा तो रणात पडलेला असतो. सैनिकाने मेला असे लिहिले नाही, ठार झाला असेही लिहिले नाही. पूर्वजांनी वापरलेला शब्द त्याने वापरला आणि पुढच्या ओळीत रेशनचा हिशेब लिहिला.

असा अर्थ लागला की पुढचे काम शोधाचे आहे. केरन येथे पडलेल्या हिंदू आणि शीख सैनिकांचे दहन झाले, त्यामुळे त्यांच्या कबरी नाहीत. त्यांची नावे तेथील दहनस्मारकावर कोरलेली आहेत. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदवहीत ती पाहता येतात, आणि पुष्कळ नोंदींत सैनिकाच्या नावाखाली वडिलांचे नाव, पत्नीचे नाव व गाव दिलेले आहे. इंग्रजी कारकुनाने लिहिलेली ही गावांची नावे ओळखण्यासाठीही पुन्हा वहीचाच आधार घ्यावा लागतो, कारण 'गाववाला' नेमक्या कोणत्या गावचा, हे तेथे सुवाच्य अक्षरात लिहिलेले असते.